शेवटच्या नळाचं पाणी



पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना सातारा मागे पडलं आणि कऱ्हाड थोडंसंच उरलं, की उंब्रज लागतं. हमरस्त्यावरचं गाव. बहुतेक प्रवाशांना ते एस.टी.च्या थांब्यापुरतंच ठाऊक असतं. पण गावाच्या अंगाला कृष्णा आहे, आणि पश्चिमेच्या डोंगरातून आलेली तारळी तिला इथंच येऊन मिळते. समर्थ रामदास चाफळहून कृष्णेच्या स्नानाला इथं येत, असं सांगतात. त्यांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती या गावात आहे. थोडक्यात, पाण्याच्या बाबतीत भाग्यवान म्हणावं असं ठिकाण. अशा ठिकाणाहून कुणी पिण्याच्या पाण्यावर बोलू लागलं, तर ऐकणारा म्हणेल, अहो, हे बोलायचं तर माणच्या माणसानं बोलावं, जतच्या माणसानं बोलावं. तुमच्या उशाशी दोन नद्या!

मला मात्र इथूनच बोलायचं आहे. दुष्काळी भागातली टंचाई डोळ्यांना दिसते. टँकर येतो, त्याच्या खेपा मोजल्या जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा सगळ्या देशानं ते पाहिलं. पण जिथं नदी भरून वाहते, तिथं कुणाला प्यायला पाणी नसेल, असा संशयही कुणाला येत नाही. आणि संशयच येत नाही म्हटल्यावर चौकशी तरी कोण करणार?

याचं एक उदाहरण याच भागातलं आहे आणि ते सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. उंब्रजहून कृष्णा ओलांडून पूर्वेला गेलं की मसूर लागतं. तिथलं रेल्वे स्टेशन जुनं. १९०१ साली साताऱ्याहून चार मुलं आगगाडीनं या स्टेशनावर उतरली. त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं. भीमरावाचे वडील रामजी त्या वेळी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार म्हणून काम करीत होते. मुलं सुटीत त्यांच्याकडे निघाली होती. येत असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलं नाही, त्यामुळे घ्यायला कुणीच आलं नाही. नवे कपडे घातलेली ही मुलं पाहून स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि मास्तरांचा चेहराच बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार.

वाटेत एका ओढ्यापाशी गाडी थांबली. इथंच जेवून घ्या, पुढं पाणी मिळणार नाही, असं गाडीवानानं सांगितलं. डबा सोबत होता. पण ते पाणी असं होतं, की त्यात जनावरांचं शेणमूत मिसळलेलं. एक घोटही घेता येईना. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावर भीमरावानं आपण मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागून पाहिलं. तिथंही मिळालं नाही. डब्यात अन्न असताना मुलं उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरेना. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हा प्रवास लिहून ठेवला आहे.

मुलं ज्या गावाला चालली होती, तिथं दुष्काळी काम म्हणून सरकार तलाव खोदत होतं आणि वडील त्याच कामावर होते, हे त्या हकिकतीत ओघानं आलं आहे. तलाव खणला जात होता, त्याच्या पैशाचा हिशेब बाप ठेवत होता, आणि मुलं तिथं तहानेनं व्याकूळ होऊन पोचली. पाणी असणं आणि ते मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

पुढं काय झालं, ते आपण शाळेत शिकलो. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, पण कागदावर. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं. कागदावर पाणी मिळालं, की माणसं कामाला लागतात ती ते कागद जपायला. ही आपली जुनी सवय आहे आणि ती अजून गेलेली नाही.

आता आजच्या नळाकडे वळू. नदीकाठच्या गावातली नळयोजना साधारण अशी असते: नदीत किंवा काठावर जॅकवेल, तिथून पंपानं वर चढवलेलं पाणी, उंचावरची टाकी, टाकीतून गावभर गेलेली नळवाट, आणि सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह सोडणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी. टाकीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपण जिला टी.सी.एल. म्हणतो ती, कालवून टाकायची. प्रमाण ठरलेलं आहे: चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम. मग किमान अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. पावडर ओली झालेली, महिनोन्‌महिने उघड्या पोत्यात पडलेली असेल, तर तिच्यात क्लोरीन उरत नाही. उरतो तो चुना. म्हणून नुसती ‘पावडर टाकली’ एवढ्यावर समाधान मानू नये. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का, ही तपासणी करायची. तिला ओ.टी. टेस्ट म्हणतात. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत शिल्लक पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि शाळेतली मुलंसुद्धा ते करू शकतात.

ही तपासणी कुठल्या नळावर करायची, हाच खरा प्रश्न आहे. टाकीजवळच्या नळावर केली तर रंग हमखास येणार. खरी परीक्षा शेवटच्या नळावर असते.

शेवटचा नळ कुणाच्या दारात असतो? टाकी गावठाणात, पहिली जोडणी तिथं. नळवाट जशी पैशानं वाढते तशी पुढं सरकते, आणि वस्ती जेवढी गावाबाहेर, तेवढी ती शेवटी. जुन्या काळात ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्याच दारात आज बहुतेक वेळा नळवाट संपते. हे कुणी मुद्दाम केलं असंच नाही. जुन्या नकाशावर नवी पाइपलाइन टाकली, की हे आपोआप होतं.

त्यात भर पडते मोटारीची. नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढणारी घरं प्रत्येक गावात आहेत. सगळ्यांना ती माहीत असतात आणि ग्रामसभेत कुणी त्यांची नावं घेत नाही. मोटार चालू झाली की पुढच्याचा नळ फुसफुसतो. आणि फक्त पाणी कमी येतं, एवढंच नाही. नळवाट रिकामी होताना तिच्यात पोकळी तयार होते. कुठं सांधा सुटलेला असेल, तडा असेल, तर बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. आपल्याकडे नळवाट कशाच्या कडेनं जाते? गटाराच्या. म्हणजे टाकीत शुद्ध केलेलं पाणी वाटेत गटाराला भेटून वस्तीत पोचतं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, काहींचे प्राण गेले. नदीच्या प्रदूषणाबरोबर गळक्या नळवाटांचीही तेव्हा चर्चा झाली. साथ आली की आपण ‘पाणी उकळून प्या’ म्हणून दवंडी देतो. सल्ला योग्यच आहे. पण रोज मजुरीला जाणाऱ्या बाईनं सरपण किंवा गॅस त्यासाठी कुठून काढायचा, हे दवंडीत नसतं.

या दुखण्यावर उपाय आहे आणि तो बघायला परदेशात जायला नको. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरनं चोवीस तास पाणी देणारी योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं उभी केली. कोयनेचं पाणी शुद्ध करून, सांधे वितळवून जोडलेल्या प्लास्टिकच्या नळवाटेतून, प्रत्येक जोडणीला मीटर लावून. लोकांना वाटलं, चोवीस तास पाणी म्हणजे नासाडी. घडलं उलटं. पाणी कधीही येणार आहे म्हटल्यावर हंडे, पिंपं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ओतून द्यायची गरज राहत नाही. दर टप्प्याटप्प्यानं वाढणारा: कमी वापराल तर स्वस्त, जास्त वापराल तर महाग. नळवाट सतत भरलेली असल्यामुळे गटाराचं पाणी आत शिरायला जागा नाही, आणि मोटार लावून ओढायला कारणही नाही. मलकापूरसारखं सगळ्या गावांना जमेल असं मी म्हणत नाही. त्याला पैसा लागतो, आणि मीटर बसवायचं म्हटलं की निवडणूक आठवते. पण सारख्या दाबाचं पाणी हा चैनीचा विषय नाही, तो आरोग्याचा आहे, एवढं तरी त्या गावाकडे पाहून पटावं.

केंद्र सरकारचं जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. प्रत्येक घरी नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. मूळ मुदत २०२४ ची होती, ती २०२८ पर्यंत वाढवल्याचं २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगितलं गेलं. नळ बसले की आकडा वाढतो. नळाला काय येतं, किती वेळ येतं, हे त्या आकड्याला कळत नाही.

संडासाचंही तसंच आहे. सरकारी अनुदानातून बांधलेल्या संडासात गोवऱ्या आणि सरपण रचलेलं पाहिलं नाही, असा माणूस आपल्याकडे क्वचितच सापडेल. हे बदललं ते २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून. त्या वेळी ग्रामविकास खातं सांगली जिल्ह्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटील यांच्याकडे होतं. त्यांनी पैसा आधी द्यायचा नाही, गावानं आधी झाडू हातात घ्यायचा, असा उलटा क्रम लावला. गाडगेबाबांचीही रीत तीच. आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तनाला उभं राहायचं. सातारा-सांगलीच्या गावांनी या अभियानात चुरशीनं भाग घेतला. पुढं २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आलं, संडासाला बारा हजार रुपये मिळू लागले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

बांधलेल्या संडासाखाली काय आहे, याकडे मात्र कमी लोकांचं लक्ष गेलं. शास्त्रीय पद्धत दोन शोषखड्ड्यांची. एका कुटुंबाला एक खड्डा भरायला काही वर्षं लागतात. भरला की दुसऱ्याकडे पाणी वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं मिटवून ठेवायचा. मग त्यात निघतं ते वास नसलेलं खत. कुणालाही मैला उपसावा लागत नाही. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी, आणि देहूच्या आरोग्य केंद्रातून डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर हीच गोष्ट सांगितली. मापुसकरांना देहूत घरोघर संडास व्हायला सुमारे वीस वर्षं लागली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१७ साली, मरणोत्तर.

आपल्या लोकांना मात्र हवी असते मोठी सेप्टिक टाकी. एकदा बांधली की नातवंडांपर्यंत बघायला नको, ही त्यामागची हिशेबी भावना. टाकी जेवढी मोठी तेवढी प्रतिष्ठाही मोठी! पण तिचं सांडपाणी उघड्या गटारात जातं, गटार ओढ्याला, ओढा कृष्णेला. टाकी भरली की उपसणारी गाडी बोलवायची, आणि ती गाडी कुठं रिकामी होते, हे विचारायचं नाही. हातानं मैला उपसायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी टाकीत गुदमरून माणसं दगावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ती माणसं कोणत्या वस्तीतली असतात, ते सांगायला नको. नदीकाठच्या काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, पावसाळ्यात भूजल वर येतं, ही शोषखड्ड्याची खरी अडचण आहे. तिथं खड्डा उथळ ठेवून, जमिनीपासून थोडा उंचावून, विहिरीपासून दूर घ्यावा लागतो. कठीण आहे, पण अशक्य नाही. आपला मैला खालच्या गावाच्या जॅकवेलकडे धाडून द्यायचा, यापेक्षा तर बरंच.

श्रोतेहो, इथवर मी बोललो ते ज्यांची नावं गावच्या यादीत आहेत त्यांच्याबद्दल. आता ज्यांची नाहीत, त्यांच्याकडे येतो.

दिवाळीच्या आगेमागे उंब्रज, मसूर, कऱ्हाडच्या रस्त्यांवरून भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर येऊ लागतात. त्यात भांडीकुंडी, शेळ्या, पत्रे, ताडपत्र्या आणि माणसं. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. बैलगाडीवाले कारखान्याच्या तळावर उतरतात, ट्रॅक्टरच्या टोळ्या गावाच्या कडेला, ओढ्याकाठी, पडीक रानात कोप्या घालतात. कारखान्याची चिमणी पेटल्यापासून साधारण मार्च-एप्रिलपर्यंत पाच-सहा महिने त्यांचा मुक्काम इथं असतो.

यांच्या पाण्याची सोय काय? जवळच्या शेतकऱ्याची विहीर, मोटारीचा पाट, नाहीतर नदी. मोटार चालू असेल तर पाणी, वीज नसेल तर नाही. पहाटे अंधारात फडावर निघायचं, त्याआधी बाईनं पाणी भरायचं. संडासाची सोय म्हणजे ऊस. आणि ऊस तर तेच तोडत असतात. आज आडोसा होता तो उद्या उरत नाही. दिवसभर फडात आडोसा मिळणार नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, याची कल्पना करावी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या शस्त्रक्रियांमागं कारणं अनेक होती. पण अंगधुणीला जागा नाही, स्वच्छ पाणी नाही, आजार अंगावर काढायचे, ही त्यांची सुरुवात असते आणि ती आपल्या शिवारात होते.

आता कागद बघा. बीडकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या घराला संडास आहे, नळही असेल. त्या गावाच्या यादीत ते कुटुंब ‘सोय झालेलं’ आहे. वर्षातले पाच-सहा महिने त्या घराला कुलूप असतं. आपल्या गावच्या यादीत तर ते कुटुंबच नाही. त्यामुळे आपलं गावही हागणदारीमुक्त आणि त्यांचंही. दोन्ही याद्या बरोबर आहेत आणि बाई पहाटे अंधारात ओढ्याकडे निघाली आहे. त्या ओढ्याचं पाणी पुढं कुठं जातं, ते मघाशी सांगितलंच.

याला पैसा नाही, असं कुणी म्हणू नये. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, असं बंधन घातलं. कारखाना उसाच्या टनावर कपाती करतो, आणि त्या शेतकरी निमूटपणे सोसतो. ज्याचा ऊस तोडला जातो तो सभासद, ज्याच्या रानात कोप्या पडतात तो शेतकरी आणि ग्रामपंचायत, या तिघांना मिळून एका टोळीमागं दोन फिरते संडास आणि तोटीची एक टाकी परवडत नाही, हे मला पटत नाही. टाकीत पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं असावं आणि तिची ओ.टी. टेस्टही गावातल्या नळांसारखीच व्हावी. टोळीतल्या पोरांच्या लसी आणि जुलाबाची पाकिटं आशाताईंच्या वहीत यावीत म्हणून, टोळी आली त्याच आठवड्यात मुकादमाकडून माणसांची संख्या घेऊन ठेवावी. मुकादमाकडे ती संख्या असतेच, कारण उचल त्यावरच दिलेली असते.

काही जण म्हणतील, हे पाहुणे, आज आहेत उद्या जातील. त्यांच्यासाठी कायमची सोय कशाला? पण टोळ्या दरवर्षी येतात, अनेकदा त्याच जागी येतात. चाळीस-पन्नास वर्षं दर हंगामाला येणाऱ्याला पाहुणा म्हणायचं, हा आपल्या सोयीचा शब्द झाला. शिवाय साथीला पाहुणा आणि यजमान कळत नाही. कोप्यांजवळचा ओढा कृष्णेला मिळतो, आणि त्याच कृष्णेवर आपल्या खालच्या गावांचे जॅकवेल आहेत.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची वर्षातून दोनदा तपासणी होते, पावसाळ्याआधी आणि नंतर. त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. जाल तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा. शेवटच्या नळाची ओ.टी. टेस्ट शेवटची कधी झाली, गावात नळाला मोटारी किती आहेत, आणि गेल्या हंगामात आपल्या हद्दीत किती टोळ्या उतरल्या होत्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा मिळणार नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि टोळ्या त्यानंतर येतात. हा विषय सभेपुढं यायचा असेल, तर लेखी अर्ज आधी द्यावा लागेल.

नमस्कार.